शेवटपर्यंत बघा

मी दवाखान्याचा मोबाईल बोलतोय. बोईसरला प्रतीक्षा डॉक्टरांच्या टेबलावर, रक्तदाब मोजायच्या यंत्राशेजारी माझा मुक्काम. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, पण कॅमेरा शाबूत आहे. सगळा वैताग त्या कॅमेऱ्यामुळेच.

बाईंनी मला घेतलं ते चांगल्या हेतूनं. लोक ऐकीव गोष्टींवर औषधं घेतात, तर आपण खरी माहिती साध्या मराठीत सांगावी, एवढंच त्यांचं म्हणणं. दुपारी माझ्यासमोर बसून त्या तापाबद्दल, जुलाबाबद्दल शांतपणे सांगायच्या. बघायचं कोण? नंबर लावणारी मोनाली, तिची आई आणि तिचा मामा. मामा तर मधेच घोरायला लागतो, असं मोनालीच सांगायची.

मग पालघरहून मिथुन आला. हा दवाखान्यांच्या ऑनलाइन जाहिराती करतो. आधी गाड्यांच्या शोरूमच्या करायचा, आणि दोन्हींत त्याला काडीचा फरक वाटत नाही.

"मॅडम, उत्तर आधीच दिलं तर माणूस थांबेल कशाला?" तो म्हणाला. "आधी दवाखान्याचं नाव. मग लोक काय चुकतात ते करून दाखवा. बरोबर काय ते शेवटी. वर लिहू, शेवटपर्यंत बघा."

बाई कुरकुरल्या. पण दवाखाना नवा, बाहेरचं बाकडं रिकामं. शेवटी हो म्हणाल्या.

भातकापणी तोंडावर होती, म्हणून विषय घेतला सर्पदंशाचा. आधी वीस सेकंद दवाखान्याचं नाव आणि ढणढण संगीत. मग बाईंनी ओढणी घेतली आणि स्वतःच्या पायाला करकचून बांधून दाखवली. लोक असं करतात, हे त्या म्हणाल्या खऱ्या, पण संगीतात ते कुणाला ऐकू जाणार! आणि अगदी शेवटी, "असं कधीही करू नका. पाय हलू न देता तडक सरकारी दवाखान्यात न्या. विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं."

मी मुकाट्यानं सगळं टिपलं. दुसरं काय करणार, माझं ऐकतो कोण?

चाळीस हजार लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. मिथुननं पेढे आणले, बाकडं भरलं. मलाही, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं.

महिन्याभरानं नवसी आली. डोंगराकडच्या पाड्यावरची, हातात शिराळ्यांची पिशवी. तक्रार करायला नाही हो, आभार मानायला.

"बाय, जिवल्याला, माज्या नवऱ्याला, भात कापताना साप डसला," ती म्हणाली. "तुमी मोबाईलवर दाखवला तसाच मी बांदला. पदर फाडून. चार तास गाठ सुटू नाय दिली."

बाईंचा चेहरा उतरला. "आता कसे आहेत ते?"

"जीव वाचला. पायाची दोन बोटा कापली. गाठीखालचा काळा पडला होता."

बाईंनी विचारलं, व्हिडिओ पुरता पाहिला होता का? नवसी म्हणाली, पाड्यावर नेटवर्क फक्त चिंचेखाली येतं, तेही लंगडत. ओढणी बांधली तिथवर दिसलं, मग ते गोल चाक फिरत राहिलं. डॉक्टरीण स्वतः बांधते म्हटल्यावर पुढं बघायचं काय राहिलं?

"नवसीताई, बांधायचं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तेच सांगत होते मी, पण शेवटी सांगितलं. चूक माझी आहे."

नवसीनं शिराळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मंग आदी का नाय सांगितला?"

मला तर लाजेनं बंद पडावंसं वाटलं.

बाईंनी तो व्हिडिओ तिथल्या तिथे काढून टाकला. मग मला उचलून नवसीसमोर धरलं. "तुम्हीच सांगाल?"

नवसीनं पदर नीट केला. "साप डसला तं बांदू नका. मी बांदला, माज्या नवऱ्याची बोटा गेली. पाय हलवू नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या." झालं. ना नाव, ना संगीत.

मिथुनचा लगेच मेसेज, "मॅडम, हे अजिबात चालणार नाही." चाललंही नाही फारसं. बाकडं पुन्हा अर्धं रिकामं आहे, आणि मिथुन आता एका दातांच्या दवाखान्यात ज्ञान पाजळतोय. बाबांनो, माझ्यासमोर येऊन मिरवा, नाचा, काय हवं ते करा. पण जिवाची गोष्ट असेल तर ती पहिल्या वाक्यात सांगा, हात जोडतो.

परवा नवसीचा आवाज आला माझ्यावर. चिंचेखालूनच बोलत असावी, मागं बायकांचा गलका होता.

"बाय, तो नवा व्हिडिओ बी अर्द्यातच अडकला. पन सगळ्यांना समजला."