आत्याचं बोट आणि वाकडी पाकळी

आत्याने आपली लाडकी कात्री भाचीच्या हातात ठेवली. "घे, तुला होऊ दे. माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

भाचीला ते पटेना. जिच्या भरतकामाला अख्खी गल्ली नावाजते, तिने असं म्हणावं? झालं होतं काय, की भरतकामाच्या नव्या मशीनवर आत्या बसली की फुलाची एखादी पाकळी हमखास वाकडी जायची. मेकॅनिक बसला की फूल कसं झकास! तो खुशाल सांगून गेला, "मशीन ठणठणीत आहे. बाईंचा हात थरथरतो, कापड नीट ताणलं जात नाही." मोठा आला शहाणा!

भाचीचं पोट कॉम्प्युटर चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम दुरुस्त करण्यावरच चालायचं, आणि या मशीनच्या आतही कॉम्प्युटरच होता. "आत्या, माझ्यासमोर एक फूल काढ बघू," म्हणत तिने स्टूल ओढलं.

आत्याला कुठला दम निघायला! किती उरलंय ते बघायला ती सारखी मशीनच्या पडद्यावर बोट टेकवायची. बोट टेकलं की पाकळी वाकडी. मेकॅनिक मात्र त्या दिवशी हाताची घडी घालून बसला होता, असं आत्याच म्हणाली.

"अगं, तुझं बोट!" भाची ओरडली.

"म्हणजे दोष माझाच ना?"

"छे गं! थांब जरा."

तिने लॅपटॉप जोडून कर्नेल उघडला, म्हणजे सिस्टीमचा गाभा. प्रोसेसरमध्ये चालू हिशेबाचे आकडे ठेवायला इवले इवले कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. सुईचा हिशेब तिथेच मांडलेला. पडद्याला बोट लागलं की कर्नेल ते काम अर्धवट टाकून बोटाकडे धावायचा, त्याच कप्प्यांत आपले आकडे कोंबायचा आणि आधीचे परत ठेवायला साफ विसरायचा. सुई बिचारी मिळेल त्या आकड्यावर चालायची.

"हे लिहिणाऱ्याचे कान उपटायला हवेत," भाची पुटपुटली. तिने दोनच ओळी घातल्या. आधी कप्प्यांतलं जपून ठेव, काम झालं की होतं तसं लाव.

"आता टेकव बोट."

आत्याने भीत भीत एक टेकवलं. मग दुसरं. मग दहाही बोटांनी पडदा बडवून काढला. फूल उतरलं, पाकळीला पाकळी लागून! दोघी हसता हसता रडायला लागल्या.

"त्या मेकॅनिकला बोलाव," आत्या डोळे पुसत म्हणाली. "आणि दिलेली वस्तू परत मागू नये म्हणतात, पण माझी कात्री दे इकडे."