झाकणावरची नावं

मित्रांनो, मी शिट्टी नसलेला एक जुना कुकर आहे. माझ्या पोटात जाड, तपकिरी मातीचं भांडं आहे, वर काचेचं झाकण आणि पुढे एक बटण. बटणावर तीनच खुणा आहेत: मंद, त्याहून थोडी जास्त, आणि नुसती ऊब. मला घाई करता येत नाही. त्यासाठी लागते तेवढी उष्णता माझ्याजवळ नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. ओली माती साच्यात ओतली, भाजली, तिच्यावर काचेचा लेप चढवला आणि पुन्हा भाजली. त्या भट्टीतला पांढरा उजेड मी पुन्हा कधी पाहिला नाही. पण तेव्हापासून मला वाटायचं, की जगातलं सगळं मोठं काम उष्णताच करते. हे अर्धंच खरं आहे, हे मला फरीदाबादच्या एका स्वयंपाकघरात कळलं.

टोरांटोत शिकणाऱ्या अनुरागनं मला विकत घेतलं. दोन वर्षं मी त्याला राजमा शिजवून दिला. शिक्षण संपल्यावर त्यानं मला दोन स्वेटरांत गुंडाळलं आणि घरी आणलं. त्याच्या आईनं, प्रभाताईंनी, मला ओट्यावर ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"शिट्टी कुठाय याला?"

"आई, याला शिट्टी नसते."

"मग शिजलं ते कसं कळायचं?"

"घड्याळ बघायचं. डाळ सहा तासांत होते."

"सहा तासांत मी पंगत जेववून उठवते, अनुराग."

अनुरागचे वडील सूर्यकांत एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी मला पालथं घातलं आणि भिंगातून माझ्या बुडाखालची बारीक अक्षरं वाचली. "याला एकशे वीस व्होल्ट लागतात. आपल्या भिंतीत दोनशे तीस आहेत. लावला असता तर गेला असता बिचारा." दुसऱ्या दिवशी ते मेट्रोनं करोल बागेत गेले आणि एक ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. तो माझ्याहून जड आहे आणि सतत गुणगुणतो. त्याच्याशिवाय मी आजही काही करू शकत नाही.

दोन हिवाळे माझं कौतुक झालं. गाजराची खीर, उडदाची डाळ, एकदा अख्खा कोबी. मग कोणाला वेळ उरला नाही आणि मी माळ्यावर गेलो. अकरा वर्षं मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला होतो. मित्रांनो, माळ्यावर काही दिसत नाही, ऐकू मात्र येतं. लग्नाची सनई मी ऐकली. बाळाचं रडणं ऐकलं. एका वर्षी प्रभाताईंच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला, तेव्हा काय झालं असेल ते मला वरूनच कळलं.

गेल्या हिवाळ्यात सूर्यकांतांनी मला खाली काढलं, ते त्यांच्या नातीसाठी. जे बाळ मी फक्त ऐकलं होतं, ती नात, कादंबरी, आता दहा वर्षांची व्हायची होती. तिच्या दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवलेली होती. सात महिन्यांपूर्वी तिच्या शरीरानं इन्शुलिन बनवणं थांबवलं होतं. ते आता तिला सुईनं द्यावं लागे, आणि ताटातल्या प्रत्येक घासाचा हिशेब करून द्यावं लागे. ती चकती रक्तातली साखर मोजून आईच्या फोनवर दाखवी. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेषा, थांबत नाही, मागे जात नाही. मी ओट्यावरून ती रेषा तासन् तास पाहिली आहे. मला एवढीशी मुलगी आणि तिच्या आत चाललेलं हे अखंड काम यांचं फार नवल वाटे.

वाढदिवसाच्या आठवडाभर आधी तिनं जाहीर केलं, "आजोबा, केक नको. मी फोटोसाठी उभी राहीन, बस्."

"का गं?"

"मानसच्या बर्थडेला काय झालं माहितीये ना? सगळे केक खात होते आणि मी डब्यातले शेंगदाणे. आणि एक छोटासा पीस खाल्ला तर शुगर तीनशे बारा. आई रडली. मला नाही पाहिजे असं."

सूर्यकांत म्हणाले, "सगळ्यांनी खायचा तोच केक तुलाही खाता आला तर? एकच केक. वेगळा डबा नाही."

"असा नसतो."

"करून बघू. नाही जमला तर मीही फोटोसाठी नुसता उभा राहीन."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. "पक्का?"

"पक्का."

मग त्यांनी चार दिवस वही भरली. मैद्याऐवजी बदामाचं पीठ. साखरेऐवजी एरिथ्रिटॉल नावाची पांढरी पूड. ती गोड लागते, पण शरीर तिची साखर करत नाही. कोको, अंडी, लोणी. त्यांनी मलाच का निवडलं, तेही मी ऐकलं. ते सुनेला, हेमांगीला, म्हणाले, "बदामाचं पीठ ओव्हनमध्ये पटकन करपतं. याची आच मऊ आहे. याला घाई नाही, आणि मला घाईनं काही करायचं नाहीये." मित्रांनो, अकरा वर्षं माळ्यावर काढल्यावर असं काही ऐकलं, की मातीच्या भांड्यालाही काहीतरी होतं.

आता त्या घराच्या दोन सवयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं.

पहिली, प्रभाताई स्वयंपाक करताना कधी चाखत नसत. शिजवताना चाखलं की अन्न उष्टं होतं, असा त्यांचा नियम. मीठसुद्धा त्या वासावरून ओळखत. त्या गेल्यावर सूर्यकांतांनी स्वयंपाक हाती घेतला, तेव्हा तो नियमही घेतला.

दुसरी, बरण्या खोल ड्रॉवरमध्ये असत, म्हणून वरून वाचता यावं यासाठी प्रभाताई नावं झाकणांवर लिहीत. सूर्यकांत चाळीस वर्षं सांगत आले होते, "प्रभा, नाव बाटलीवर लिहावं. झाकणं बदलतात." त्या म्हणत, "ते तुमच्या लॅबमध्ये." आणि आता एरिथ्रिटॉलची नवी बरणी आली, तेव्हा सूर्यकांतांनी तिचं नाव झाकणावरच लिहिलं. शेजारच्या बरणीच्या झाकणावर प्रभाताईंच्या अक्षरात 'पिठीसाखर' होतं. साखर त्या घरात अजूनही लागे. कादंबरीच्या रक्तातली साखर एकदम खाली गेली तर तीच औषध.

रविवारी दुपारी एक वाजता सूर्यकांतांनी माझ्या भांड्याला लोणी लावलं, तळाला कागद घातला, मिश्रण ओतलं. माझ्या काचेवर वाफ धरते आणि तिचे थेंब केकवर पडतात, म्हणून झाकणाखाली एक धुतलेला पंचा ताणून बसवला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला. तासाभरात कोकोचा वास दारापर्यंत गेला. कादंबरी दर पाच मिनिटांनी येऊन काचेवर नाक टेकवू लागली.

दोन वाजता हेमांगी बाजारातून आली. ओट्यावरची बरणी पाहून ती थांबली.

"बाबा, पूड झाकणावरचं नाव वाचून घेतलीत?"

"का?"

"काल मी दोन्ही झाकणं घासायला टाकली होती. पसारा आवरताना दिसल्या त्या बरण्यांवर..." तिनं ओठ चावला. "मी लावली. अंदाजानं."

कादंबरीनं माझ्या काचेवरून नाक उचललं.

"म्हणजे हा केक साखरेचा आहे?" कादंबरीनं विचारलं.

"माहीत नाही, बाळा," सूर्यकांत म्हणाले.

"मला माहीत होतं. मी बोललेच होते, असा नसतो." ती माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली. "मी नाही खाणार. आता कोणी म्हटलं ना चांगला आहे, तरी नाही खाणार. आजोबा, तुम्ही बनवलेलं काहीच नाही."

मित्रांनो, केक फसणं ही छोटी गोष्ट आहे. या मुलीला दिवसातून पाच वेळा दुसऱ्याच्या हिशेबावर विश्वास ठेवून घास घ्यावा लागे. तो विश्वास त्या क्षणी माझ्यासमोर तडकत होता, आणि मी बोलू शकत नव्हतो.

"चाखून बघते मी," हेमांगी म्हणाली.

"नको. दोन्ही गोडच. अंदाजानं आज एकदा चूक झाली, पुन्हा नको." सूर्यकांत आपल्या खोलीत गेले आणि एक लांब डबी घेऊन आले. तिच्यात काचेची जुनी तापमापी होती. "कादंबरी, मी केलेलं खाऊ नकोस. मी सांगितलेलं मानूही नकोस. तू स्वतः बघ. हे दोन पेले. दोन्हीत शंभर मिलिलिटर पाणी. तापमान वाच."

ती जागची हलली नाही. मग हलली. "एकवीस. दोन्हीत एकवीस."

"आता प्रत्येक बरणीतली वीस ग्रॅम पूड. वजन तूच कर. ढवळत राहा."

'पिठीसाखर' लिहिलेल्या बरणीतली पूड तिनं पहिल्या पेल्यात टाकली आणि ढवळू लागली. पारा खाली सरकला. वीस. अठरा. पेल्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक दव धरलं. पंधरा. चौदा.

"आजोबा! हे थंड होतंय! बर्फ तर घातलाच नाही!"

"विरघळताना ती पूड पाण्यातली उष्णता ओढून घेते. साखरही घेते, पण अगदी थोडी. आता दुसरा पेला."

दुसऱ्या पेल्यात पारा जेमतेम एक घर उतरला आणि थांबला.

मित्रांनो, मी आयुष्यभर उष्णता दिली. एखादी पांढरी, मुकी पूड नुसती पाण्यात उतरते आणि उष्णता पिऊन टाकते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आग नाही, वीज नाही, आवाज नाही. माझ्या पोटात उकळीजवळची आच होती आणि दोन हातांवर तो पेला घामेजून उभा होता. त्या पेल्यापुढे मला माझं बटण फार लहान वाटलं.

कादंबरीनं थंड पेला गालाला लावला. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे केकमध्ये साखर गेली."

"गेली," सूर्यकांत म्हणाले. "चूक माझी. चाळीस वर्षं मी बाटलीवर नाव लिही म्हणत होतो, आणि स्वतः झाकणावर लिहिलं."

"का लिहिलं?"

"तुझ्या आजीच्या अक्षराशेजारी लिहायचं होतं."

तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "सगळे पाचला येणार आहेत. दुसरा होईल?"

"होईल. पण पाचला नाही. याला तीन तास लागतात." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

अर्धा शिजलेला केक माझ्यातून निघाला आणि शिट्टीवाल्या कुकरमध्ये गेला, शिट्टी काढून. तो वाफेवर पुरा झाला आणि शेजारच्या घरी पोचला. बदामाचं पीठ पुरेना, म्हणून हेमांगीनं अख्खे बदाम मिक्सरमधून थांबून थांबून काढले. या वेळी सगळं वजन कादंबरीनं केलं. अंडी फोडताना तिनं विचारलं, "आजोबा, चाखू नको ना?"

"नको. उष्टं होतं."

"उष्टं म्हणजे?"

"जूठा."

"ओके. नाही चाखत."

तीन वाजता तिनंच माझं झाकण लावलं.

पाचला देविका, मानस आणि आणखी चौघं आली. मानसनं दारातच वास घेतला. "आंटी, केक कब?"

"छह बजे," कादंबरीनं उत्तर दिलं. "स्लो कुकर है. इसको जल्दी नहीं है."

"एक घंटा? यार, ये कैसा कुकर है!"

"चलो, दिखाती हूँ." आणि तिनं त्या सहा जणांना ओट्यापाशी आणून पेल्याचा प्रयोग करून दाखवला. सगळ्यांनी पेला गालाला लावून पाहिला. देविका म्हणाली, "हे जादू आहे का गं?" कादंबरी म्हणाली, "नाही. मी मोजलंय." मग ती सगळी माझ्याभोवती खुर्च्या घेऊन बसली. एवढ्या मुलांनी माझी वाट याआधी कधी पाहिली नव्हती.

सहाला अनुरागनं मला उचलून केक ताटात पालथा केला. तो वरून सपाट होता आणि एका कडेला थोडा खचलेला. हेमांगीनं कादंबरीला औक्षण केलं. पहिला तुकडा प्रभाताईंच्या फोटोपुढे गेला. दुसरा कादंबरीच्या हातात आला. हेमांगीनं वहीतला आकडा पाहून इन्शुलिन दिलं. सगळे थांबले. कादंबरीनं तुकड्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि मोठा घास घेतला.

"थंड लागतो," ती तोंड भरून म्हणाली. "जिभेवर. थोडासा."

"तीच ती," सूर्यकांत म्हणाले. ते चष्मा पुसत होते.

मग सहाही मुलांनी तोच केक खाल्ला. मानसनं तीन तुकडे खाल्ले. फोन माझ्या शेजारीच टेकवून ठेवला होता. रेषा एकशे अठरावर होती. मुलं खेळली, भांडली, एकेक करून घरी गेली. दोन तासांनी रेषा एकशे एकेचाळीसवर होती. गच्चीवरचं पाणी वाहून जावं म्हणून जेवढा उतार देतात, तेवढीच ती चढली होती. हेमांगी खूप वेळ तिच्याकडे पाहत उभी राहिली. मीही पाहत होतो. एवढ्या मंद चढाला किती माणसांचे हात लागले होते!

मित्रांनो, आता मी माळ्यावर जात नाही. माझ्या तुम्हांला दोनच विनवण्या आहेत. माझ्यासारखं मातीचं भांडं तापलेलं असताना त्यात एकदम गार पाणी ओतू नका; ते बाहेरून धड दिसतं आणि आतून तडकतं. थोडं थांबा, मग धुवा. आणि ज्याचं नाव लिहायचं ते त्याच्याच अंगावर लिहा. झाकणं फिरतात.

कादंबरीनं दुसऱ्या दिवशी सगळ्या बरण्यांच्या पोटावर चिठ्ठ्या चिकटवल्या. आजीच्या अक्षरातली झाकणं तिनं तशीच ठेवली. शेवटची चिठ्ठी उरली, ती माझ्या पोटावर आहे. वाकड्या, जाड अक्षरांत तिच्यावर लिहिलंय:

'केक. तीन तास. मी मोजलंय.'