बाईच्या मागची जागा

“भागिरथाबाई, उठा तिथून. खुर्च्या लावून राह्यलो आमी, दिसत नाही काय?”

शेषराव आमच्या जयंती कमिटीचा सेक्रेटरी. कचेरीत कारकून लागल्यापासून बसलेलं माणूस दिसलं की त्याला ते उठवावंसं वाटतं.

“मी कायले उठू? बाईच्या मांगं माहीच जागा हाय.”

“गानं वच्छलाबाई म्हनते. तुमी तं नुसता सूर धरता. खालून धरा. पाव्हन्यायले काय मातीत बसवू?”

माझ्या अंगाची आग झाली. वच्छला माझी थोरली जाऊ, मी तिला बाईच म्हणते. धम्म घेतला तेव्हापासून अनसिंगच्या जयंतीचं पहिलं गाणं तिचंच. एक हात कानावर ठेवून ती गाते आणि तिच्या दुसऱ्या कानाशी बसून मी सूर धरते. मदनसिंगचा लाऊडस्पीकर आल्यापासून तर त्याशिवाय भागतच नाही. कर्णे लिंबाच्या झाडावर, त्यांची तोंडं गावाकडे. अख्ख्या गावाला ऐकू येतं, गाणारणीला मात्र शाळेच्या भिंतीवर आपटून उशिरा परत आलेलं तेवढंच. त्याच्या नादी लागलं की ताल सुटलाच म्हणून समजा.

आज बाई चुकली तर पुढच्या साली वाशीमची गाण्याची पार्टी आणायची, असं शेषराव गावभर सांगत फिरत होता. मेल्याला खुर्च्याच लावायच्या होत्या की आणखी काही, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

“जाऊ दे, भागे,” बाई म्हणाली. “जयंती हाय. भांडन नको करू.”

मी स्टेजवरून उतरले. माझ्या जागेवर कोण बसलं? मालेगावचा कुणीतरी पुढारी, पान चघळत!

बाईनं पहिली ओळ छान उचलली. दुसऱ्या ओळीला भिंतीवरून पहिली परत आली आणि ती थबकली. उकंडरावची ढोलकी पुढे निघून गेली. मी खालून जीव तोडून सूर दिला, पण कर्ण्यापुढे माझं काय चालणार! बाईनं दोन्ही कान दाबले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकली. मागची पोरं फिदीफिदी हसली. पान चघळणाराही हसला.

शेषरावनं माईक ओढला. माईक हाती आला की तो शुद्ध बोलतो. “वच्छलाबाईंचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही. मदनसिंग, रेकॉर्ड लावा.”

अख्ख्या गावानं ऐकलं. तेवढं मात्र बाईलाही स्पष्ट ऐकू आलं.

“आग लागो तुह्या खुर्च्यायले!” मी ओरडले. “मेल्या, तिचा कान काढून घेतला, अन् आवाज गेला म्हनतं?”

मी स्टेजवर चढणार, तोच बाई खाली उतरली. डोळे कोरडे, ओठ घट्ट. माझं मनगट धरून तिनं मला लिंबाखाली नेलं, लुगडं सावरून मातीत बसली आणि म्हणाली, “मांगं बस. गानं अर्धं राह्यलं माहं.”

डोक्यावर रेकॉर्ड बोंबलत होती. ढोलकी उचलून उकंडरावही आला आणि शेजारी बसला. मी बाईच्या कानाशी तोंड नेऊन सूर धरला. ती गायला लागली.

कुणालाच ऐकू येत नव्हतं. मलाही नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिथं आवाज होता, अगदी तालात.