जिनिंगपर्यंत आणि परत

आर्णीच्या आमच्या गल्लीत, पहाटेच्या निळसर धुक्यात, रस्त्यावरची खडी करकरू लागली की समजावं, मार्थाआत्याचे पाय आले. आधी पाय, मग आत्या. तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून वॉर्डावॉर्डांतून पळालेल्या त्या पायांना निवृत्तीची वार्ता कुणी कळवलीच नव्हती. बसल्या जागीही ते हलत, प्रार्थनेला गुडघे टेकले तरी मागे बोटं अस्वस्थपणे वळवळत. जिवाला चैन म्हणून नव्हती बाईच्या.

आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेब एकदा म्हणाले, विश्वास सांगणं म्हणजे भाषण ठोकणं नव्हे, माणसासोबत चालणं. बाकीच्यांनी ती उपमा समजून मान डोलावली आणि घरी जाऊन जेवले. आत्यानं ती शब्दशः घेतली. दुसऱ्याच सकाळी तिनं शेजारच्या जुबेदाभाभीला गाठलं. भाभी ट्रॅक्टर मेकॅनिकची बायको. डॉक्टरांनी शुगरसाठी रोज चालायला सांगितलेलं, आणि ही एकटी गल्लीच्या टोकापर्यंतही जात नसे. त्या दिवसापासून दोघी कापसाच्या जिनिंग कारखान्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. चार वर्षं.

कधीमधी मीही मागून जायची. कापसाच्या गाड्या जाऊन गेलेल्या असत, बाभळींच्या काट्यांना अडकलेले शुभ्र पुंजके कोवळ्या उन्हात थरथरत असत, आणि जुबेदाभाभी सुनेपासून ते बंद झालेल्या मटणापर्यंत सगळ्याची तक्रार करत, दम खात, संथपणे चालत असे. आत्या चार पावलं पुढे जाई, थबके, मागे येई, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी. पण प्रभूचा एक शब्द काढेल तर शपथ! मंडळीत साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूसाठी काय केलं ते उभं राहून सांगायची, वेळ आली की लोक रंगवून रंगवून सांगत. आत्या उठून “मी चालून राह्यली” एवढंच म्हणे आणि खाली बसे. मागच्या बाकांवर खसखस पिके. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदा फाल्गुनात कळलं, जुबेदाभाभीचा मुलगा आईला कायमची नागपूरला नेणार. आत्याचे पाय घरात माजघर ते अंगण, अंगण ते माजघर असे नुसते भिरभिरू लागले. अखेर ती माझ्यापाशी बोलली. चार वर्षं संगं चालली अन् जे सांगाचं तेच राह्यलं, म्हणाली. आता सांगावं तर भाभीला वाटेल, ही एवढ्यासाठीच चालत होती. मग मैत्री गेली. न सांगावं, तर प्रभूला कुठल्या तोंडानं भेटू? मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, सांगूनच टाक. सोपंच होतं मला. मैत्रीण तिची होती.

शेवटच्या सकाळी मी मागे होते. शिवारात पळस लालभडक पेटला होता, आणि आत्यानं तीनदा तोंड उघडून तीनदा मिटलं. जिनिंगवरून परत फिरल्यावर तर ती गप्पच झाली. तेव्हा जुबेदाभाभीच थांबली, कमरेवर हात ठेवून तिनं श्वास सावरला.

“मार्था, वापसीत तू रोजच चूप होतं. काहून वं?”

आत्याचे पाय थांबले. चार वर्षांत प्रथमच ते अगदी स्थिर झालेले मी पाहिले.

“तुह्यं नाव घेतो,” ती म्हणाली. “प्रभूपाशी.”

जुबेदाभाभीनं ओढणीनं कपाळ पुसलं.

“मालूम हाय मले. म्हणून त मी वापसीत हळू चालतो.”

दुपारच्या गाडीनं ती गेली. आत्या अजूनही मधूनच विचारते, मी सांगितलं का वं, का राहूनच गेलं? या दोघींच्या मागून मी चार वर्षं अधूनमधून चालले, लाजत, चिडत, आणि दोघींचं एकही पाऊल मला खऱ्या अर्थानं ऐकू आलं नाही. माणूस गेल्यावर मागे जर एवढंच उरत असेल, की कुणासाठी आपण पाऊल हळू केलं होतं, तर माझ्यापाशी आठवायला काय आहे?