तिसऱ्या आवृत्तीची माणसं

घड्याळजींनी एकतीस वर्षं खपून एक नवी भाषा घडवली होती. अगदी निर्दोष. दोष एवढाच, की ती बोलणारं कुणी नव्हतं.

सुरुवातीला बायको होती. तिनं तिसरी आवृत्ती हौसेनं शिकून घेतली. पण तीत घशाच्या तळातून काढायचा एक ‘ख’ होता, तो तिला काही साधेना. घड्याळजी तिच्या तोंडासमोर आरसा धरत आणि म्हणत, "पुन्हा." बिचारी चहाचं विचारायला यायची आणि चहा निवेपर्यंत ‘ख’ घोटत बसायची. पुढं त्यांना क्रियापदांची नवी व्यवस्था सुचली आणि चौथी आवृत्ती निघाली. नवी निघाली, की जुनीचे कागद फाडून त्यांत घड्याळांचे स्क्रू बांधायचे, हा त्यांचा शिरस्ता. बायको म्हणाली, "आता तुम्हीच बोला." त्यावर आणखी पाच आवृत्त्या निघाल्या.

बायको जाऊन आठ महिने झाले. कपाट आवरताना लेकीला तिची वही सापडली. घड्याळजींनी चष्मा पुसला. अक्षरं त्यांनीच घडवलेली. शब्द त्यांनीच रद्द केलेले. दोन ओळींतच ते अडले; तिसरी आता त्यांनाच आठवेना.

"द्या इकडे," म्हणत लेक घडाघडा वाचू लागली.

"तुला येते?"

"आई आणि मी रोज बोलायचो. तुम्ही दुकानात गेलात की."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"आरसा घेऊन आला असतात."

घड्याळजींनी वहीकडे बोट केलं. मग हळूच म्हणाले, "काय लिहिलंय?"

"‘हे चौथीत गेले. मी तिसरीतच थांबते. परत आले, तर इथं कुणीतरी हवं.’"

लेक पुढं वाचू लागली. ‘ख’ आला, तो तिनं नुसता ‘ह’ करून वाऱ्यावर सोडला.

"घशातून," घड्याळजींच्या तोंडून निसटलंच.

लेकीनं वही मिटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "वाच. चुकीचं तर चुकीचं."

"चुकीचं नाही, बाबा. आमच्यात असंच म्हणतात."

"बरं. तू म्हण, मी मागून म्हणतो."

तिनं शब्द म्हटला. घड्याळजींनी जीव ओतून म्हटला; घशाच्या तळातून अस्सल, निर्दोष ‘ख’ बाहेर पडला.

"पुन्हा," लेक म्हणाली.