दक्षिणेकडे डोकं

अठ्ठ्याण्णवच्या भातकापणीत बाबांवर आणि लखमाकाकावर एकच वीज पडली. दोघं एका भाऱ्याची दोन टोकं धरून उभे होते. भारा जळाला. हे दोघं घरी आले आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी भाताचा कोंडा बाबांच्या डोक्याला चिकटायला लागला. पायांनाही. पोटाला मात्र चिकटेना. मी शहापूरला बारावी सायन्सला होतो, म्हणून निदान मीच केलं: डोक्यात धन, पायांत ऋण, एकूण भार शून्य. द्विध्रुव. काकाचंही तसंच.

"मरायचं नाय ना माणूस?" आईनं विचारलं.

म्हटलं, एकटा द्विध्रुव कुणाला काही करत नाही.

काका मुरबाडला घरजावई, कापणीपुरताच आलेला. मधे पंचवीस किलोमीटर. एवढ्या अंतरावर ओढ असून नसल्यासारखी. पण पुढच्या वर्षी मेव्हण्यांनी त्याला बाहेर काढलं, आणि त्यानं सापगावात आमच्या घराच्या दक्षिणेला, चाळीस हातांवर घर बांधलं. दुसरी जागाच नव्हती.

उभे असले की दोघं एकमेकांना लोटायचे. बाबा अंगणात आले की काका बोलता बोलता मागं सरकायचा. गावाला वाटलं, भांडण आहे. खरा धोका आडवं होण्यात होता. आमच्यात जिवंत माणूस दक्षिणेला पाय करून निजत नाही; तसं फक्त मेलेल्याला ठेवतात. त्यामुळे दुपारी जेवून दोघं आपापल्या घरी दक्षिणेला डोकं करून पडले की एका रेषेत यायचे. बाबांच्या डोक्यासमोर काकाचे पाय. धनासमोर ऋण. ही ओढ लोटण्याच्या दुप्पट. बाबांची चटई दुपारभरात बोटभर सरकायची.

मग एका दुपारी काकाची बाज मागच्या दारातून आपली आपण बाहेर आली. काका तिच्यावर घोरत होता. अंतर उरलं वीस हात. अंतर निम्मं झालं की ओढ सोळा पट. बाबा सोळा बोटं सरकले आणि डोकं भिंतीला टेकलं. तिसऱ्या दुपारी भिंतीचे पोपडे पडले. चौथ्या दुपारी बाबांची मान वाजायला लागली.

"त्यांना उलटं निजवू," मी म्हटलं. "पाय दक्षिणेला. मग ओढायच्या जागी लोटेल."

"जिता हाय तो," आई म्हणाली.

"म्हणूनच."

"तुज्या सायन्सला आयबाप नाय का रे?"

आधी पूर्वेला डोकं करून पाहिलं. पाच मिनिटांत बाबा घड्याळाच्या काट्यासारखे फिरून पुन्हा दक्षिणेला. म्हणजे उलटं निजवायचं तर बांधावंच लागणार.

"बांध," बाबा म्हणाले. "मान मोडण्यापरीस बरा."

दोन लांब बांबू घेतले, वळले तर भिंतींना अडतील असे, आणि बाबांना त्यांना सुंभानं आवळून बांधलं. कोंडा नाकात जातो म्हणून बाबांनी आधीच नाकात कापूस घातला होता. पाय दक्षिणेला. चटई हलेना. बाबांना लगेच झोप लागली.

तेवढ्यात शेजारची बाईजा ताक मागायला आली. तिनं बघितलं, तांब्या तिथंच ठेवून गेली. अर्ध्या तासात अंगण भरलं. कुणीतरी काकाला उठवलं होतं.

काका दारातून रडत आला. धाकट्यानं मोठ्याच्या पायांवर डोकं ठेवायचं असतं. तो बाबांच्या पायांशी वाकला तेव्हा माझ्या लक्षात आलं: पाय ऋण, डोकं धन.

"काका, उभाच राहा."

"शेवटचा पाया पडू दे रे," काका म्हणाला, आणि दोन हात अंतरावर पालथा पडला. डोकं पायांकडे.

पुढं त्याला सरकावं लागलं नाही. एक हात, सोळा पट. अर्धा हात, दोनशे छप्पन्न. त्याच्यापुढचं मी मोजेपर्यंत काकाचं कपाळ बाबांच्या तळव्यांवर आदळलं आणि मान खांद्यांत गेली.

बाबा जागे झाले. "लखम्या, उठ रे," ते म्हणाले. "मी हाय."

अंगणातली माणसं भिंतीपर्यंत मागं गेली. काका श्वास घेत नव्हता. मी त्याचे घोटे धरून जोरात ओढलं. बाबाही बांबूंसकट त्याच्यामागून येत राहिले, दाराकडं.