दात खाणारा ससा

संस्थेत सगळे त्यांना मामा म्हणत. खरं तर ते कुणाचेच मामा नव्हते, पण कुणीतरी पहिल्या आठवड्यात हाक मारली आणि ती एकोणीस वर्षं चिकटून राहिली. डॉक्टर आणि संशोधक वरच्या मजल्यांवर, प्रयोगाचे ससे तळमजल्यावर, आणि सशांच्या सोबतीला मामा. ट्रे धुवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कुणी किती खाल्लं ते तक्त्यात लिहायचं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात होता. एखाद्या दिवशी दुपारी कुणी काही विचारलं, तर उत्तर देताना मामांचा आवाज घोगरा निघे. सकाळपासूनचं ते पहिलंच बोलणं असे.

मग ती पीएचडी करणारी मुलगी आली. तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून मामांनी तिचं नाव चिमणी ठेवलं, आणि तिलाही ते आवडलं. दहा वाजले की दोन कप चहा घेऊन ती खाली येई. दाराबाहेरच्या बाकावर बसून आईची कुरकुर, सरांचे टोमणे, भाड्याच्या खोलीतला गळका नळ, असं सगळं सांगे. मामा ऐकत. आपलं ऐकणं कुणाला हवंय, हेच त्यांना पुरेसं होतं.

तिचा विषय गुडघ्याची सूज. त्या मंगळवारी आठ सशांच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. बुधवारी सकाळी मामांनी दार उघडलं, तर खोलीत दातांची बारीक करकर ऐकू येत होती. खुशीतला ससाही दात वाजवतो, पण ते हाताखाली जेमतेम जाणवतं. दुखणाऱ्या सशाचा हा आवाज दारापर्यंत येत होता. सात नंबरचा ससा कोपऱ्यात अंग आखडून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, खाणं जसंच्या तसं. बाकीच्यांचीही तीच गत. तक्त्यात मात्र वेदनाशामक इंजेक्शन दोनदा दिल्याची नोंद होती, खाली चिमणीची सही. मामांनी फ्रिज उघडला. औषधाच्या एकाही बाटलीचं सील तुटलेलं नव्हतं.

ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी कप हातात घेतला नाही.

"टोचलं म्हणून लिहिलंयस. टोचलं नाहीस ना?"

चिमणीने दोन्ही कप बाकावर ठेवले. मग हळूच म्हणाली, "मामा, त्या औषधाने सूज उतरते. मला सूजच मोजायची आहे. आकडे बिघडले तर सर पुन्हा पहिल्यापासून करायला लावतील. दोनच दिवसांचा प्रश्न आहे हो. तुम्ही बघितलंच नाही असं समजा."

"बघितलंय मी. तू स्वतः जाऊन पशुवैद्य बाईंना सांग. बारापर्यंत सांग, नाहीतर मला जावं लागेल."

"तुम्ही नाही जाणार," ती म्हणाली. तिला तशी खात्रीच होती.

बारा वाजले. ती गेली नाही. मामा पशुवैद्य बाईंच्या खोलीबाहेर उभे राहिले. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं म्हणून त्यांनी मुलाला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट?"

"नाही रे. सहज."

फोन खिशात टाकून त्यांनी दार वाजवलं.

बाई लगेच खाली आल्या आणि त्यांनी एकेक ससा तपासला. "सूज तशीच राहू देणारंही औषध असतं," त्या इंजेक्शन भरताना म्हणाल्या. "तिने नुसतं विचारलं असतं, तर मंगळवारीच दिलं असतं." मामांना सगळ्यात जास्त ते लागलं. इतकं सोपं होतं.

दोन सशांनी दुखण्यापायी टाके कुरतडून जखमा उघड्या केल्या होत्या. त्यांना कायमचं झोपवावं लागलं. दोघांनाही मामांनीच मांडीवर धरलं. उरलेले सहा संध्याकाळपर्यंत पाणी पिऊ लागले. प्राण्यांच्या देखरेखीच्या समितीने प्रयोग थांबवला, खोट्या नोंदींची चौकशी लागली आणि चिमणीला वरच्या कागदपत्रांच्या विभागात बसवलं. सरांना ताकीद मिळाली, म्हणजे फारसं काही झालं नाही.

दहा वाजता आता कुणी येत नसे. मामा कॅन्टीनमध्ये गेले की टेबलावरचं बोलणं थांबे. "मामा, पोरीचं वर्ष खाल्लंत," झाडलोट करणारा एकदा तोंडावर म्हणाला. मामांनी ताट उचललं आणि बाकावर जाऊन एकट्याने जेवण उरकलं. झोपवलेल्या दोघांविषयी बोलता आलं असतं, पण ऐकणार कोण? आपण चूक केली असं त्यांना एकदाही वाटलं नाही. तरी ती गळक्या नळाचं पुढे काय झालं ते सांगायला येईल, असं रोज वाटत राही.

दीड महिन्याने ती त्यांना जिन्यात भेटली. हातात फायली, चेहरा उतरलेला.

"मला वाटायचं, तुम्ही माझ्या बाजूचे आहात," ती म्हणाली.

"होतो की. म्हणून तर आधी तुला सांगितलं."

तिने फायली या हातातून त्या हातात घेतल्या. दोन पायऱ्या वर चढली आणि पाठमोरीच थांबली.

"सात नंबर कसा आहे?"

"खातो आता. आठ नंबरबरोबर ठेवलाय, दोघं चिकटून बसतात."

तिने मान हलवली आणि ती वर गेली. वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मामा कठड्याला धरून उभे राहिले. मग खाली उतरले. सहा बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या.